कॉम्प्युटरमध्ये लॉजिक असतं म्हणे

१६ जून १९९७

दैनंदिनी लिहिण्याची सवय सुटून बरीच वर्षे झाली. आज पुन्हा वही काढली, कारण पाथर्डीच्या शैक्षणिक इतिहासात नोंद व्हावी असे काही घडले आहे, आणि ती नोंद दुसरे कोणी करील अशी लक्षणे नाहीत.

आमच्या महाविद्यालयात मी बावीस वर्षे तर्कशास्त्र शिकवतो. यंदा विषयाला विद्यार्थी आले तीन. त्यातला एक आज म्हणाला, "सर, लॉजिकच्या जागी भूगोल घेतला तर चालंल का?" मी कारण विचारले. "भूगोलाला सहल आसती." उरले दोन. दोन विद्यार्थ्यांवर प्राध्यापक ठेवता येत नाही. तो 'अतिरिक्त' होतो आणि अतिरिक्त झालेल्यांना आमची संस्था वसतिगृहाचे रेक्टर करून आडगावी धाडते. तिथे पोरांच्या आमटीत मीठ किती घालायचे, एवढाच तर्क चालवावा लागतो.

दुपारी संस्थेचे चेअरमन कारभारी आण्णा यांनी बोलावले. मी निरोपाच्या तयारीनेच गेलो. आण्णा पानाला चुना लावत होते.

"मरकड सर, पुढल्या वर्षी आपल्याकडं कॉम्प्युटर विभाग काढायचाय. कॉम्प्युटरमधी लॉजिक आसतं म्हनं?"

"असावं," मी सावधपणे म्हणालो.

"तुमी लॉजिकच शिकवता न्हवं? मग झालं की! नगरला सावेडीत कॉलेजात प्रोग्रामिंगचा कोर्स हाय, तेवढा करून या. आन आमच्या सूनबाईचं, स्नेहलचं बी नाव घातलंय तिथं. तिचं यायचं-जायचं काय जमायचं न्हाई. तुमी जरा तिच्याकडं बघा."

घरची सून आपण कोणाच्या हवाली करतो? ज्याच्यावर पूर्ण विश्वास आहे त्याच्या. यावरून आण्णांच्या मनात माझे स्थान काय आहे, हे सिद्ध होते. विभागप्रमुखाची खुर्ची कोणासाठी, हे वेगळे सांगायला नको.

कडूबाईला सांगितले. आमची सौभाग्यवती चुलीपुढे भाकरी थापत होती. म्हणाली, "सूनबाईचं नाव कशाला घातलं म्हनं त्यांनी?" स्त्रियांचे लक्ष नेमके गौण मुद्द्यावर जाते.

७ जुलै

पहिला तास. सकाळचे कॉलेज आटोपून पाथर्डी-नगर गाडीने निघालो. तिसगाव, करंजी घाट करत माळीवाड्याला उतरलो आणि रिक्षाने सावेडी गाठली. खोलीबाहेर चपला काढायच्या होत्या. आत हवा थंड करायचे यंत्र चालू. सहा कॉम्प्युटर, त्यांवर गादीच्या कापडाची झाकणे.

मी आत पाऊल टाकताच सगळा वर्ग उभा राहिला. मी म्हटले, "बसा, बसा." बसले. सगळ्यांनी वह्या उघडल्या. अशा वेळी शिकवणाऱ्या माणसाने काय करावे? मी खडू घेतला आणि अनुमानाचे स्वरूप समजावायला सुरुवात केली. 'जिथे धूर तिथे अग्नी' इथपर्यंत आलो असताना जीन्स घातलेला एक पोरगा दारात येऊन उभा राहिला. मी त्याला उशिरा आल्याबद्दल झापले. तो शिक्षक निघाला. नाव महेंद्र सर, वय तेवीस.

नंतर मला जागा मिळाली ती शेवटच्या कॉम्प्युटरवर. एका यंत्रावर दोघे. माझ्यासोबत प्रज्ञा साळवे नावाची मुलगी आहे. तीही पाथर्डीहूनच येते. "सर, धुराचं छान सांगितलंत," ती म्हणाली. गुणग्राहक वाटली.

हजेरी झाली. "स्नेहल" असे नाव पुकारले गेले. मी खोकलो आणि खालमानेने "हजर" म्हणालो. महेंद्र सरांनी वर पाहिले. "आवाज बसलाय का ताई?" वर्ग हसला. मला वाटते, तरुण शिक्षकाला वर्गावर नियंत्रण ठेवता येत नाही.

८ जुलै

गाडीचा कंडक्टर भीमराज साळवे हा प्रज्ञाचा बाप आहे. तिकीट फाडताना माझ्या शेजारी टेकला. "सर, तुमी तिथं शिकवायला जाता का?"

"एका परीने."

"माझी पोरगी म्हनती तुमी तिच्या बाकावर बसता."

मी खिडकीतून घाटाची शोभा पाहिली.

"न्हाई, चांगलं हाय की," तो म्हणाला. "मग इद्यार्थ्याचा पास काढा. नेमात बसतं."

मी नकार दिला. सेहेचाळीसाव्या वर्षी प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या पासवर जाणे प्रतिष्ठेला धरून नाही.

२१ जुलै

आज यंत्राने माझा अपमान केला.

प्रोग्राम माझाच होता, दोन ओळींचा. स्वतःचे नाव पडद्यावर उमटवायचे होते. मी एका बोटाने सगळे टाइप केले, आज्ञा दिली, आणि पडद्यावर आले: सिंटॅक्स एरर. पुन्हा केले. पुन्हा तेच. मी महेंद्र सरांना सांगितले की यंत्र बिघडले आहे. प्रज्ञाने वाकून पाहिले.

"सर, ओळीचा नंबर दहा लिहिताना तुम्ही शून्याच्या जागी ओ मारलाय."

"दिसायला एकच आहेत."

"तुम्हाला दिसायला, सर."

मी तिला म्हटले, संदर्भावरून अर्थ कळतो. कोणताही समंजस माणूस इथे दहाच वाचेल. ती म्हणाली, "हो. पण हा समंजस नाहीये ना." आणि शून्य घातले. माझे नाव आले. ते पाहून जो आनंद झाला तो मी वर्गात दिसू दिला नाही.

बावीस वर्षांत 'मरकड सर, तुमचे चुकले' असे मला कोणी म्हटलेले नाही. विद्यार्थी म्हणत नाहीत, सहकारी ऐकत नाहीत, आण्णा बोलू देत नाहीत. हे यंत्र तोंडावर म्हणते, आणि ओळ क्रमांकासकट म्हणते. उद्धट आहे.

४ ऑगस्ट

'गो टू' शिकलो. त्याने प्रोग्राम मागच्या ओळीवर उडी मारतो. मी उडी मारायला सांगितली, थांबायचे कधी ते सांगायला विसरलो. पडद्यावर 'गोरक्षनाथ गोरक्षनाथ' असा नामजप सुरू झाला तो थांबेना. मी प्लग काढायला वाकलो, तेवढ्यात प्रज्ञाने दोन कळा दाबल्या आणि जप बंद पडला. मागून एका मुलाने "अलख निरंजन" म्हटले.

२६ ऑगस्ट

एक अडचण उद्भवली आहे. घरी सोडवायचा अभ्यास प्रत्येकाने स्वतंत्र द्यायचा असतो. स्नेहल बाईंचाही द्यावा लागतो. पहिल्या दोन वेळा मी माझाच उतरवून दिला, महेंद्र सर म्हणाले, "या ताई मरकड सरांची कॉपी करतात. मार्क निम्मे." आण्णांच्या सुनेवर चोरीचा आळ! आता प्रत्येक प्रश्न दोन वेगवेगळ्या प्रकारांनी सोडवावा लागणार.

९ सप्टेंबर

विचित्र अनुभव. तीन आकड्यांतला सर्वांत मोठा शोधायचा होता. माझा स्वतःचा प्रोग्राम मी सगळ्या शक्यता मांडून, शास्त्रशुद्ध, पानभर लिहिला. मग बाईंसाठी निराळे काहीतरी हवे म्हणून डोके खाजवत बसलो. सुचले ते असे: पहिल्याच आकड्याला मोठा समजून चालायचे आणि पुढचा त्याहून मोठा निघाला तर खुर्ची त्याला द्यायची. चार ओळींत संपले.

महेंद्र सरांनी स्नेहल बाईंचा प्रोग्राम फळ्यावर लिहिला. "बघा. वर्गात न दिसता माणूस असं लिहितो. आणि मरकड सर, तुमचं बरोबर आहे, पण एवढ्यात गावची यात्रा उरकली असती."

मी बाईंच्या वतीने मनातल्या मनात सुखावलो आणि माझ्या वतीने दुखावलो.

११ ऑक्टोबर, दसरा

आपल्या कॉलेजात चार कॉम्प्युटर आले! घोडेगावच्या बाजारातून बैल आणावेत तसे टेम्पोतून, वाजतगाजत. आण्णांनी नारळ फोडला. गुरुजींनी प्रत्येक यंत्राला हळदकुंकू वाहिले. एकाच्या फ्लॉपी घालायच्या फटीला त्यांनी देवाचे तोंड समजून पेढा भरवला. मी पुढे होऊन थांबवू लागलो तर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या सर, देवाचं हाय."

मग खोलीला कुलूप लागले. चावी आण्णांच्या जाकिटात गेली. मी विचारले, सरावासाठी अधूनमधून उघडून मिळेल का? "पुढल्या वर्षी विभाग चालू झाला की. तवर हात लावून झिजवू नका." वस्तूंची काळजी घेणारा माणूस आहे.

कडूबाई म्हणाली, "चावी तुमच्याकडं न्हाई दिली?" मी म्हटले, विभागप्रमुखाला चावी विभाग सुरू झाल्यावरच मिळते. ती "बरं" म्हणाली आणि आपट्याची पाने वेचू लागली. तिचे 'बरं' कधीकधी सिंटॅक्स एररसारखे लागते.

१८ नोव्हेंबर

विद्यार्थ्याचा पास काढला. नेमात बसते. भीमराजने पासावरच्या फोटोकडे पाहिले, मग माझ्याकडे. "लई शोभून दिसता सर." आता तो घाटापर्यंत माझ्या शेजारी बसतो. मी त्याला गाडीच्या उदाहरणाने 'जर-तर' समजावले: जर सीट रिकामी असेल तर बसव, नाहीतर उभा कर. तो म्हणाला, "आन सीटवर रुमाल टाकलेला असला तर?" प्रज्ञा मागून म्हणाली, "मग आणखी एक इफ, दादा." बापाला ती दादा म्हणते.

गेले पंधरा दिवस मी आणि ती तास संपल्यावरही यंत्रावर बसतो, साडेसहाची गाडी धरेपर्यंत. ती चूक शोधते ते भांडी घासल्यासारखे, खालून वर, एकही ओळ न सोडता. मी वरून खाली वाचतो आणि मध्येच मला माझेच पटते. तिच्या पद्धतीने पाहू लागल्यापासून माझ्या चुका मला दिसू लागल्या आहेत. त्या फार आहेत. पण गंमत म्हणजे, मला पूर्वीसारखा राग येत नाही. काल तर एक चूक मी तिच्या आधी धरली आणि भर वर्गात टाळी वाजवली. मशीनसमोर कुणाचा वशिला चालत नाही, हे मी आता तिला रोज ऐकवतो.

८ फेब्रुवारी १९९८

आण्णांच्या बंगल्यावर गेलो. तोंडी परीक्षेला स्नेहल बाईंना चार शब्द सांगता यावेत म्हणून. सात महिने मी यांच्या नावाने जगतो आहे आणि भेट आज पहिल्यांदा. पंचवीस-सव्वीसची मुलगी, डोक्यावर पदर. नोकर चहा ठेवून गेला.

"सर, मी काय काय शिकले ते सांगा," ती म्हणाली.

मी सांगू लागलो. तीन आकड्यांतला मोठा शोधायचा प्रोग्राम सांगितला. तिने मन लावून ऐकला. "हे मी लिहिलं? छान लिहिलंय की!" आणि हसली. मग म्हणाली, "मी राहुरीची ॲग्रीची पदवीधर आहे, सर. मोसंबीच्या डिंक्या रोगावर काम केलं होतं. इथं मागं बारा एकर मोसंबी आहे, झाडं वाळतायत, मला खिडकीतून दिसतात. पण मामंजी म्हणतात, आमच्या सुना रानात जात नाहीत. मग पंख्याखाली बसायचं काम हवं. म्हणून हे."

"कोणतं हे?"

तिने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. "तुम्हाला बोललेच नाहीत का, सर? विभागाचं..."

एवढ्यात आण्णा आले आणि ती पदर सावरून आत गेली. बहुधा विभागात मदतनीस म्हणून यायची तिची इच्छा असावी. मी खूश आहे. अशा हुशार मुलीला हाताखाली घ्यायला माझी काही हरकत नाही.

२४ मार्च

प्रात्यक्षिक परीक्षा. स्नेहल बाई आल्या, आयुष्यात पहिल्यांदा वर्गात. महेंद्र सरांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि "आवाज सुटला वाटतं" एवढेच म्हणाले. बाहेरचे परीक्षक चहाला गेले ते बराच वेळ आले नाहीत. ते तसे जातील हे आण्णांनी मला आधीच सांगितले होते.

मी खुर्ची सरकवली आणि आधी बाईंच्या यंत्रावर प्रोग्राम लिहिला. पगारपत्रकाचा होता, अवघड होता. एकाही चुकीशिवाय चालला. माझ्या आयुष्यातला उत्तम प्रोग्राम! बाई मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. "सर, तुमचं राहिलं," त्या हळूच म्हणाल्या. मी माझ्या यंत्राकडे वळलो तेव्हा वेळ संपत आली होती. अर्धाच झाला.

पलीकडे प्रज्ञा टाइप करत होती. तिने एकदाही मान वर केली नाही.

२ मे

निकाल. प्रथम क्रमांक: सौ. स्नेहल, विशेष प्रावीण्य. द्वितीय: प्रज्ञा साळवे. आणि अगदी खाली, पण कागदावरच, गोरक्षनाथ मरकड, उत्तीर्ण.

म्हणजे पहिला नंबर वस्तुतः माझाच आला, फक्त नावाने नाही. या विचाराने मी गाडीत बसेपर्यंत प्रसन्न होतो.

प्रज्ञा पुढच्या सीटवर होती. करंजी आल्यावर ती मागे न वळताच म्हणाली, "सर, पहिला नंबर माझा होता."

मी म्हटले, दुसरा नंबरही काही वाईट नाही.

"एक मागू का? तुम्ही म्हणायचात ना, मशीनसमोर कुणाचा वशिला चालत नाही. ते परत कुणाला सांगू नका."

भीमराज तिकिटे फाडत आला. माझा पास पाहिला, परत दिला आणि पुढे गेला. बसला नाही.

रात्री जेवलो नाही. कडूबाईला सांगितले, पोट बरे नाही. प्रज्ञाच्या वाक्यात खालून वर, एकही ओळ न सोडता चूक शोधली. सापडली नाही.

१३ जून

विभागाच्या उद्घाटनाची पत्रिका छापून आली. सोमवारी सकाळी अकरा. अध्यक्ष कारभारी आण्णा. प्रमुख पाहुणे माजी सभापती. विभागाची ओळख व प्रात्यक्षिक: विभागप्रमुख सौ. स्नेहल. आभार: प्रा. मरकड.

छापखान्याने नावांची अदलाबदल केली, हे उघड होते. मी तसाच पत्रिका घेऊन बंगल्यावर गेलो आणि मुद्रणदोष दाखवला.

आण्णांनी चष्मा लावून वाचले. "छापलंय ते बरूबर हाय."

"पण आण्णा, विभागप्रमुख..."

"तिचा पहिला नंबर आलाय की, सर. तुमचा कितवा आला?"

मी पत्रिकेची घडी घातली. आधारवाक्ये सगळी माझ्याच हाताने लिहिलेली, निष्कर्ष चुकीचा कसा म्हणू?

आण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाराज हू नका. शिकवायचं तुमीच. ती फक्त सही करंल. तुमची नोकरी शाबूत, पाथर्डीतलं घर शाबूत. न्हाईतर वसतिगृहाची जागा रिकामी हायेच."

मी "बरं" म्हटले आणि घरी आलो. कडूबाईला पत्रिका दाखवली. तिला आश्चर्य वाटले नाही.

"तुला माहीत होतं?"

"अवं, अख्ख्या गावाला ठाऊक हुतं. सूनबाईचं नाव घातलं तवाच."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"दोनदा इचारलं हुतं. तुमी म्हनला, बायांचं लक्ष भलतीकडं आसतं."

हे मी तिच्यापुढे मोठ्याने म्हणालो होतो, हे मला माहीत नव्हते.

तरीही विचार केला तर व्यवस्था वाईट नाही. शिकवायला मिळणार. यंत्रे मिळणार. सहीत काय आहे? आभाराचे भाषण लिहायला घेतले आहे. न्यायदर्शनापासून सुरुवात करावी म्हणतो.

१५ जून

हे शांतपणे, जसे झाले तसे लिहितो.

मांडव भरला होता. विभागाला चाळीस प्रवेश झालेले. पोरे, त्यांचे आईबाप, बायकांच्या बाजूला कडूबाई. तिसऱ्या रांगेत प्रज्ञा आणि गणवेशातच आलेला भीमराज. व्यासपीठावर एक कॉम्प्युटर मांडला होता, पडदा लोकांकडे करून. दसऱ्याला पेढा भरवलेला नव्हे, चांगला.

आण्णांनी तासभर भाषण केले. एकविसावे शतक तीन वेळा आले. मग म्हणाले, "आता आमच्या सूनबाई तुमाला कॉम्प्युटर चालवून दाखवतील."

मी रात्री बाईंकडे एक फ्लॉपी पोचवली होती. ती घालायची, दोन अक्षरे टाइप करायची, की फुग्यांच्या चित्रासकट 'सुस्वागतम्' येणार होते. बाई उठल्या. फ्लॉपी पिशवीतून काढलीच नाही. पदर खोचला आणि एका बोटाने, अगदी सावकाश, टाइप करू लागल्या. शेवटची कळ दाबली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळ उमटली: 'मला यातले काही येत नाही.'

शून्याच्या जागी शून्य, अवतरणचिन्हे जागच्या जागी. एकही चूक नव्हती.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! मागच्यांना अक्षरे दिसत नव्हती, पुढच्यांनी वाचायचे कष्ट घेतले नाहीत. दाबले की उमटले, एवढ्यावर सगळे खूश. माजी सभापती म्हणाले, "वा, वा! काय स्पीड!" आण्णांनी स्वतः उभे राहून टाळ्या वाजवल्या. बाई यंत्राशेजारी उभ्या राहिल्या, लोकांकडे पाहत. जे बोलायला माणसाने सगळे पणाला लावावे त्याच्यावर टाळ्या पडाव्यात, तेव्हा चेहरा कसा होतो ते मी पाहिले.

सूत्रसंचालकाने माझे नाव पुकारले. मी उठलो. खिशात न्यायदर्शनासकट सहा पाने होती. समोर पाहिले. प्रज्ञा पडदा वाचत होती. तिने वाचला होता.

मी पाने काढली नाहीत. म्हणालो, "आभार मानण्याआधी, मागे बसलेल्यांना पडदा दिसत नाही, म्हणून वाचून दाखवतो." आणि वाचले.

मांडवात कुजबुज. आण्णा हसत होते, त्यांना वाटले मी काही गंमत करतोय.

"हे खरं आहे," मी म्हणालो. "या बाई वर्षभर वर्गात आल्या नाहीत. यांची हजेरी मी दिली, यांचा अभ्यास मी लिहिला, यांचा पेपरही मीच लिहिला. त्यामुळं ज्या मुलीचा पहिला नंबर होता तिचा दुसरा आला. ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसलीय. तिचं नाव प्रज्ञा साळवे. मला जे काही थोडं येतं ते तिनं शिकवलं. चाळीस जणांनी इथं प्रवेश घेतलाय, तर त्यांना शिकवायला कोण पाहिजे ते तुम्हीच ठरवा. आलेल्यांचे आभार."

माझे आयुष्यातले सर्वांत लहान भाषण. टाळी एकही पडली नाही.

भीमराज उभा राहिला होता. उभाच होता. टोपी हातात घेऊन माझ्याकडे पाहत होता, आणि त्याला बसायचे सुचत नव्हते.

आण्णांनी माईक घेतला. मानले पाहिजे त्या माणसाला. म्हणाले, "आमच्या घरात खोटं खपत न्हाई, ते तुमी आज बघितलं!" यावर मात्र टाळ्या झाल्या.

२२ जून

आदेश आला. प्रा. मरकड हे अतिरिक्त ठरल्याने त्यांना संस्थेच्या शाखा वसतिगृहात रेक्टर म्हणून तातडीने रुजू व्हावे लागेल. गाव नेवासे तालुक्यात, घोडेगावच्या पुढे. शुक्रवारच्या बाजाराखेरीज तिथे आवाज नाही, असे म्हणतात.

भीमराज संध्याकाळी घरी येऊन गेला. संस्थेचा माणूस त्याच्याकडे जाऊन आला होता. चाळीस पोरांचे पालक प्रवेश परत मागू लागल्यामुळे प्रज्ञाला तासिका तत्त्वावर बोलावले आहे. "तिनं काय म्हनावं? म्हनली, येईन, पन खोलीची चावी माझ्याकडं पाहिजे. दोन दिस लागले, पन दिली." मग म्हणाला, "सर, निकालाच्या दिवशी मी बोललो न्हाई तुमच्याशी."

मी म्हटले, "बरोबरच होतं ते."

"व्हय, बरूबरच हुतं," तो म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

स्नेहल बाईंचे कडूबाईकडून कळले. बंगल्यावर चार दिवस आरडाओरडा झाला. शेवटी आण्णा म्हणाले, आता अब्रू गेलीच हाय, तर जा रानात. ती दुसऱ्या दिवशी पहाटेच गेली. गडी म्हणतात, बाई झाडाच्या बुडाशी बसून विळ्याने साल खरवडतात, वर काहीतरी लेप लावतात, आणि आण्णा बांधावरून लपून बघतात.

आम्ही सामान बांधायला घेतले आहे. बावीस वर्षांचा संसार, पोत्यात घालताना फार नव्हता. माझी तर्कशास्त्राची पुस्तके कडूबाईने एकट्याने पेटीत भरली. मी दारात उभा राहून सांगत होतो की बदली ही तत्त्वतः अन्यायाची असली तरी तिचे तीन प्रकारे समर्थन करता येते.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "एक सांगू का?"

"सांग."

"लगीन झाल्यापास्नं तुमचं बोलनं ऐकतीया. गेल्या सोमवारी मांडवात तुमी बोल्ला, आन मला पहिल्यांदा समदं समजलं."

मी पेटीच्या दुसऱ्या बाजूची कडी धरली, आणि आम्ही दोघांनी ती उचलून ओट्यावर नेली.